नंदिनीचं जुळं आणि माहा मोलभाव

१८ मार्च, मंगळवार. दुपार.

ही डायरी जवाईबापूनं देल्ली. तो कामाले आहे त्या प्लांटवर वाटतात म्हणे. मी चौथी शिकली, पण अक्षर माहं चांगलं आहे. घरात माहं कोणी ऐकत नाही म्हणून कागदाले सांगून राहिली. कागद मधात बोलत नाही.

नंदिनी आज मौद्याहून आली. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. आठवा लागला. पोटात जुळं. पाय सुजून गेले, चेहरा एवढुसा झाला. मी म्हटलं, आता फिकर सोड. इथून पुढं सगळं माह्या हातात. बाळंतपण नॉर्मलच होईल. माहे तिन्ही नॉर्मल झाले, तेही घरी. ना डॉक्टर, ना टाका.

जवाईबापू प्रेमानंद म्हणे, मामी, डॉक्टर काय म्हणते ते तर ऐकू. मी म्हटलं, मले माहीत आहे डॉक्टर काय म्हणते. ऑपरेशन म्हणते. इतके वर्षं झाले, जुन्या कपड्यावर स्टीलचे भांडे देऊन राहिली मी. इतवारीच्या बाजारातून टोपलं भरायचं आणि जरीपटक्याच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. समोरचा पहिले जे बोलते ते खरं नसते. ती सुरुवात असते. सहा साड्यांवर डब्बा मागते बाई, आणि आठ साड्या काढून देते. ऑपरेशनचंही तसंच. पहिला भाव आहे तो.

जवाई मान हलवून गेला. समजदार पोरगा आहे.

२० मार्च, गुरुवार.

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण रोशनी मॅडम. माह्या पोराएवढी, अंकुशएवढी असेल. नंदिनी मौद्याहून दर महिन्याले हिलेच दाखवत होती. टीव्हीवर पोट दाखवलं. खालचं बाळ डोक्यावर आहे, वरचं आडवं. मले तर ढगच दिसले. तरी मान हलवली.

मॅडम म्हणे, दोन रस्ते आहेत. खालचं असंच डोक्यावर राहिलं तर नॉर्मल करून पाहता येते, पण ऑपरेशनची तयारी बाजूले ठेवून. पहिलं आल्यावर दुसरं कसं फिरते ते आधी सांगता येत नाही. नाही तर सरळ ऑपरेशन, सदतीस आठवडे पुरे झाल्यावर. तुम्ही विचार करून सांगा. नंदिनीकडे पाहून बोलली. नंदिनी बोलाले हळू आहे, म्हणून मीच सांगितलं. म्हटलं, नॉर्मल. आणि चाळीस आठवडे.

मॅडम म्हणे, जुळ्यात चाळीस नाही.

मी म्हटलं, चाळीस. चाळिसाव्याले बुद्धपौर्णिमा येते.

मॅडम म्हणे, मावशी, अडतीसच्या वर एक दिवस नाही.

म्हणजे सदतीसवरून अडतीसवर आली! पहिल्याच बैठकीत एक आठवडा सुटला. ऑटोत नंदिनी म्हणे, आई, अडतीसचं तर मॅडमनं मले मागच्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. पोरगी शिकली, पण मोलभाव नाही समजत तिले.

२१ मार्च.

आजपासून तयारी. पहाटे गच्चीवर चालणं. बसून पोछा मारणं. सकाळी तूप, झोपताना तूप.

२२ मार्च.

नंदिनीनं गच्चीवर अर्धा फेरा मारला आणि टाकीले टेकून बसली. फोनवर सिस्टरले विचारलं. सिस्टर म्हणे, पाय सुजले आहेत तर आराम करा. आजकालच्या सिस्टर. चालणं बंद. पोछा मीच मारला. नंदिनी पलंगावरून पाहत होती. पाहून पाहूनही अंग मोकळं होते.

तूप तिनं खाल्लं नाही. वाया कायले जाऊ द्यायचं? मी खाल्लं.

३० मार्च, रविवार.

ईन आली, नंदिनीची सासू. मायाबाई. गरीब गाय आहे. मी काही म्हटलं की म्हणते, तुमचं खरं आहे ताई. मी म्हटलं, नॉर्मलच करायचं. म्हणे, तुमचं खरं आहे ताई. मी म्हटलं, डॉक्टर लोकाईले कापाची घाई असते. म्हणे, असंन ताई. चला, तिकडून काही अडचण नाही.

नंतर मी चहा ठेवाले गेली तर आतून आवाज आला. ईन नंदिनीले विचारून राहिली होती, बेटा, तुले काय वाटते? तुहं मन काय म्हणते?

असं कोणी विचारते का? माह्या बाळंतपणात मले कोणी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं, इथं बस, हे धर, ओरडू नको. झालं ना?

चहात साखर टाकाची राहून गेली. ईन तसाच पिऊन म्हणे, छान झाला ताई. कशावर विश्वास ठेवावा हिच्या?

४ एप्रिल, शुक्रवार.

खालचं बाळ फिरलं. आता डोकं वर आणि बूड खाली. वरचं अजून आडवंच. जागा असून काही ढंगानं बसत नाहीत, बापावर गेले.

मॅडम म्हणे, आता माहा सल्ला ऑपरेशनचा आहे. बुडाकडून येणारं बाळ, मागून दुसरं आडवं, यात मी नॉर्मलचा धोका घ्या म्हणणार नाही.

मी म्हटलं, एकदा फिरलं तर परत फिरेल.

मॅडम म्हणे, फिरूही शकते, पण आता दोघाईले जागा कमी आहे. भरवशावर बसता येत नाही.

मंग मी शेवटचं काढलं. धंद्यात दोघंही अडून बसले की अर्ध्यावर मिटवतात. कोणी हरत नाही. म्हटलं, मॅडम, तुमचंही राहू द्या, माहंही राहू द्या. एक नॉर्मल, एक ऑपरेशन.

नंदिनीनं डोक्याले हात लावला. मॅडम हसली नाही. पेन खाली ठेवला आणि म्हणे, मावशी, असंही होते कधी कधी. एक खालून येते आणि दुसऱ्यासाठी घाईघाईनं पोट उघडावं लागते. बाईले दोन्ही दुखणे एकाच दिवशी. तेच तर आपल्याले टाळाचं आहे.

म्हणजे माही गोष्ट चुकीची नव्हती. होते असं. डॉक्टरच्याच तोंडून निघालं.

५ एप्रिल.

खालच्या बाळाले समजावून सांगितलं. नंदिनी झोपली होती तेव्हा पोटाजवळ तोंड नेऊन म्हटलं, हे पाह, आजी बोलून राहिली. सरळ हो. तुह्यामुळं वरच्याचीही पंचाईत होते.

लात मारली.

ऐकलं म्हणजे.

७ एप्रिल, सोमवार.

जिजाबाई दाईकडे गेली. अर्ध्या वस्तीचे पोट्टे तिच्याच हातचे. पोट चोळून बाळ फिरवते असं तिचं नाव होतं. घरात कूलरसमोर बसून टीव्ही पाहत होती. म्हटलं, बाई, चाल, नंदिनीचं बाळ फिरवून दे.

म्हणे, एक आहे का?

म्हटलं, दोन.

तर अशी मागे सरकली जशी मी तिच्या अंगावर विंचू टाकला. म्हणे, अंजना, जुळ्याले मी कधी हात लावला नाही. तेव्हाही नाही. तेव्हाही बैलगाडीत घालून मोठ्या दवाखान्यात पाठवत होती. तू कोणाचं ऐकून आली वं? आणि पोट चोळाचं नाव नको काढू. आत काही तुटलं तर?

बुढी झाली. हिंमत गेली तिची. निघताना तिची नातसून दिसली, कडेवर पोरगं. म्हटलं, हे तरी जिजाबाईच्या हातचं ना? नातसून म्हणे, नाही जी, सिजर. आजीनंच दवाखान्यात नेलं होतं.

कोणावरच भरवसा राहिला नाही.

१० एप्रिल, गुरुवार.

आज दुसरा डॉक्टर. सदर भागात मोठा दवाखाना, पांढरे केस, चष्मा. म्हटलं, जुना माणूस आहे, नॉर्मलच म्हणेल. आधीच सांगून देल्लं त्याले, आम्ही दुसरीकडेही दाखवून राहिलो. असं सांगितलं की समोरचा भाव पाडते.

त्यानं रिपोर्ट पाहिले. पोट पाहिलं. म्हणे, ऑपरेशन. तुमच्या मॅडमनं बरोबर सांगितलं.

दोघंही मिळून आहेत. फोनवर बोलले असतील.

परत येताना ऑटो सिग्नलवर थांबला. ऊन असं की सीटवर हात ठेववत नव्हता. मी बोलून राहिली होती. म्हटलं, पोरी, भेव नको. माहे तिन्ही नॉर्मल झाले, घरात, चटईवर.

नंदिनी खिडकीबाहेर पाहत म्हणे, आई, तिन्ही म्हणतेस. मी आहो, अंकुश आहे. तिसरं कुठे आहे?

सिग्नल सुटला.

घरी येऊन वांग्याची भाजी केली. तिखट जास्त झालं. ऊन डोक्यात गेलं असेल.

१४ एप्रिल, सोमवार. जयंती.

सकाळी विहारात वंदना. वस्तीत सगळीकडे निळे झेंडे, शरबताचे स्टॉल, पोट्टे नवीन कपड्यात. मौद्याहून जवाई आणि ईन आले. डीजे असा वाजला की पोटातले दोघंही नाचून राहिले. ईननं पोटावर हात ठेवून पाहिला. मीही ठेवला. एका वेळेस दोन हात, दोन लाता. बरं वाटलं.

शेजारची म्हणे, आजच झाले असते तर? मी म्हटलं, आज नाही. बुद्धपौर्णिमेले. ठरलं आहे.

जेवाले बसलो तेव्हा नंदिनी म्हणे, मले सगळ्याईले एक सांगाचं आहे. मी ऑपरेशन करणार आहो. पंचवीस तारीख घेतली. मॅडमले मी दोनदा एकटी भेटून आली. सगळं विचारलं. नॉर्मलचं विचारलं, ऑपरेशनचं विचारलं, रक्ताचं विचारलं. मंग ठरवलं. मले दोघंही पाहिजेत आणि मलेही जगाचं आहे.

जवाई वरणाकडे पाहत होता. त्याले आधीच माहीत होतं, लाल कानावरून दिसते माणसाच्या. ईनलेही माहीत होतं. नंदिनीचा बाप म्हणे, भात वाढ वं.

मी म्हटलं, तू ठरवलं. मी अजून नाही ठरवलं.

ईन म्हणे, तुमचं खरं आहे ताई.

१९ एप्रिल, शनिवार.

पाच दिवस बोलली नाही कोणासंगं. म्हणजे बोलली, पण कामापुरतं. जेव. उठ. गोळी घेतली का. पाय वर घे. उशी दुसरी देऊ का. एवढंच. कडक राहिली.

नंदिनी म्हणे, आई, बोलत नाही म्हणतेस आणि दिवसभर बोलूनच राहिली.

आजपासून तेही बंद.

(पाय दाबून देल्ले. त्यात बोलावं नाही लागत.)

२२ एप्रिल, मंगळवार.

रस्ता सापडला! इतके दिवस डोक्यात कसा आला नाही?

सही. ऑपरेशनले घरच्याची सही लागते. शेजारणीच्या वेळेस तिच्या सासऱ्याची घेतली होती. आणि पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सही माही. जवाई तर सोमवारपासून प्लांटवर बी शिफ्टले आहे, कुठून येते तो. मी सही केली नाही तर चाकू कोण लावते?

भांडाचं नाही. ओरडाचं नाही. ऐन वेळेस टोपलं उचलाचं आणि चालाले लागाचं. धंद्यात हीच खरी गोष्ट आहे. बाई अडून बसली की उठाचं, पदर झटकाचा, गल्लीच्या कोपऱ्याकडे निघाचं. कोपरा येण्याच्या आत हाक येते. ओ भांडेवाली, या, या, घेऊन जा. आजपर्यंत आली नाही असं झालं नाही.

मॅडम हाक मारेल. मंग मी बसेन समोर आणि म्हणेन, थांबू. अडतीस पुरे होऊ दे. तोपर्यंत खालचं फिरते. मी सांगितलं आहे त्याले.

२५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी सात.

दवाखान्यात आलो. नंदिनी काल रातपासून उपाशी आहे. हिरवा गाऊन घालून बसली, वेणीवर टोपी. लहान दिसून राहिली. ईन पहाटेच्याच बसनं आली, थर्मास घेऊन. जवाई सुट्टी टाकून आला. म्हणजे बी शिफ्ट बुडवली. असू दे. सही माहीच लागते.

मॅडम येऊन बोलून गेली. साडेनवाले आत घेऊ म्हणे. नंदिनीले म्हणे, काही विचाराचं आहे का? मी म्हटलं, आहे. पण मॅडम नंदिनीचंच ऐकत होती.

डायरी पिशवीत ठेवून घेतली.

साडेनऊच्या आधी. चहाटपरी, दवाखान्याच्या गेटसमोर.

उठली आणि निघाली. सगळ्याईसमोर. म्हटलं, माही सही नाही. ईन म्हणे, ताई. एवढंच म्हटलं. मागे पाहिलं नाही.

टपरीवरून दवाखान्याचा दरवाजा सरळ दिसते. जो कोणी बोलवाले येईल तो इथूनच निघेल.

पहिला चहा.

वॉर्डबॉय आला एक. सिगरेट घेऊन गेला. मले बोलवाले नव्हता आला.

फोन वाजून राहिला. नंदिनीचा. मॅडमनंच लावाले सांगितला असेल, स्वतः कशी लावेल, इज्जतीचा सवाल आहे. लगेच नाही उचलाचा. पहिल्या हाकेले जी वळली तिचं सगळं गेलं. दुसरी हाक येते. दुसरीले वळाचं.

बंद झाला.

दुसरा चहा.

दुसरी हाक नाही आली अजून. आत नेटवर्क नसेल. मोठ्या दवाखान्याच्या भिंती जाड असतात.

टपरीवाला म्हणे, मावशी, कोणाची वाट पाहून राहिले? मी म्हटलं, डॉक्टरची. म्हणे, डॉक्टर तर आत असतील ना. मी म्हटलं, तू चहा कर गा.

तिसरा नाही घेतला.

जवाई दरवाज्यात आला. बोलवाले आला! पण हा तर हसून राहिला. हात हलवून राहिला. आणि रडूनही राहिला.

दुपार.

दोन्ही पोरी. दोन्ही चांगल्या आहेत. नंदिनी चांगली आहे.

वर गेली तर ईन बाकावर बसली होती, दोन्ही हातात एक एक. फोटोही काढून झाले होते. मले पाहून लगेच एक पोरगी माह्या हातात देल्ली. म्हणे, ही खालची, ताई. जी फिरली होती ती. हिचा आवाज तुमच्यासारखा आहे.

बरोबर म्हणे. तेव्हाच रडाले लागली आणि अख्ख्या वॉर्डात ऐकू गेलं.

मी सिस्टरले विचारलं, सही कोणाची घेतली? सिस्टर म्हणे, पेशंटची. मी म्हटलं, पेशंटची कशी? घरच्याची लागते. म्हणे, ताई, तुमची मुलगी मोठी आहे, शुद्धीत आहे. तिच्या अंगाचं ऑपरेशन, तिची सही. जावयाचीही घेतली, पण मुख्य तिचीच. मी म्हटलं, आणि मी? म्हणे, तुम्ही कुठे होते?

मॅडम गेली बाजूनं. हात पुसत होती. म्हणे, मावशी, अभिनंदन. वरचं शेवटपर्यंत आडवंच होतं. बरं झालं आपण थांबलो नाही. एवढं बोलून पुढं गेली. दुसऱ्या कोणाचं बाळंतपण होतं तिले.

एकाच जणाले आत सोडतात. पास ईनकडे होता. तिनं माह्या हातात देल्ला. तुम्ही जा ताई, म्हणे, ती तुमचंच नाव काढून राहिली होती.

नंदिनी जागी होती. पूर्ण वेळ जागीच होती म्हणे, फक्त कंबरेखालचं सुन्न केलं होतं. होठ सुकून गेले होते. मले पाहून म्हणे, आई, फोन काहून नाही उचलला?

मी म्हटलं, सहीसाठी असेल म्हणून. मी सही करणार नव्हती, तुले माहीत आहे.

म्हणे, सही तर कवाच झाली होती वं. सहीसाठी नव्हता केला. मले भेव लागून राहिलं होतं. आत नेण्याच्या आधी वाटलं, तू काही तरी बोलशील. भांडशील तरी.

मी म्हटलं, एकदाच केला तू. दुसऱ्यांदा कराचा होता. दुसऱ्यांदा मी उचललाच असता.

म्हणे, दुसऱ्यांदा करू देत नाहीत आई. दरवाज्यातच फोन काढून घेतात.

मी पायाशी बसली. चादर बाजूले करून पाय दाबाले लागली. सूज अजून तशीच आहे. बराच वेळ दाबले. मंग ती म्हणे, आई, राहू दे. पाय अजून सुन्न आहेत. मले काही समजून नाही राहिलं.

मी म्हटलं, नको समजू. दाबतच राहिली.